विश्लेषण : फोनमध्ये अँड्रॉइडच्या दोन प्रती कशासाठी? ‘फ्लॅश’ करताना दोन्हींकडे लक्ष का हवे?

घनसावंगी : खरिपातील पिकाची सातबाऱ्यावर नोंद करायची तर ई-पीक पाहणी ॲप उघडून शेतातूनच फोटो काढावा लागतो. पीएम किसानचे ई-केवायसी, बँकेचा ओटीपी, कृषी सेवा केंद्रातील यूपीआय, मोसंबीच्या भावाची चौकशी हे सगळेही त्याच एका फोनवर. अशा वेळी ‘सिस्टीम अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना आली की अनेकांचे बोट आपोआप ‘नंतर’ या पर्यायावर जाते. अपडेट मध्येच अडकले आणि फोन बंद पडला तर काय, ही धास्ती त्यामागे असते. फोन खरोखरच कंपनीच्या लोगोवर अडकला, तर दुकानात ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ किंवा ‘फ्लॅश करावा लागेल’ असे उत्तर मिळते.

गेल्या काही वर्षांतील बहुतांश अँड्रॉइड फोनमध्ये या धास्तीवर उपाय आधीच दिलेला आहे. या फोनमध्ये प्रणालीसाठी दोन जागा असतात. त्यांना ‘स्लॉट ए’ आणि ‘स्लॉट बी’ म्हणतात. अपडेट फसले तर फोन दुसऱ्या स्लॉटवरून पुन्हा सुरू होतो. मात्र हाताने फ्लॅश करताना एकाच स्लॉटमध्ये नवे फर्मवेअर भरले आणि दुसऱ्यात जुनेच राहिले, तर हीच सोय उलटते. फोन कायमचा बंद पडण्याची वेळ येऊ शकते. हे नेमके कसे घडते आणि फोन दुकानात देण्यापूर्वी काय पाहावे, ते समजून घेऊ.

अपडेटची भीती आली कुठून?

ही भीती अगदीच निराधार नव्हती. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रणालीची एकच प्रत असे. अपडेट डाउनलोड झाले की फोन बंद होऊन ‘रिकव्हरी’ नावाच्या छोट्या विभागातून सुरू होई आणि चालू प्रणालीवरच नवी प्रणाली लिहिली जाई. तेवढा वेळ फोन वापरता येत नसे. त्यानंतर ‘ॲप्स ऑप्टिमाइझ होत आहेत’ असा संदेश बराच वेळ दिसत राही.

लिहिण्याचे काम अर्धवट असताना बॅटरी संपली किंवा फाइलमध्ये दोष निघाला, तर जुनी प्रणाली पुसलेली आणि नवी अपुरी अशी अवस्था होई. मागे जायला जागा नसे. फोन लोगोवर अडकायचा आणि संगणकाला जोडून फ्लॅश करण्यावाचून पर्याय उरायचा नाही.

दोन स्लॉट म्हणजे काय?

विहिरीवर दोन मोटारी बसवल्या आहेत, असे समजा. एक चालू आहे, दुसरी जोडून ठेवलेली आहे. दुरुस्ती करायची ती बंद मोटारीची, म्हणजे पाणी थांबत नाही. दुरुस्त केलेली मोटर सुरू करून पाहायची; ती चालली नाही तर बटण पुन्हा पहिल्या मोटारीवर. विहीर मात्र एकच.

फोनमध्येही असेच असते. प्रणाली सुरू करणारा ‘बूट’ विभाग, मूळ ‘सिस्टीम’, चिप आणि कॅमेऱ्यासाठी लागणारा ‘व्हेंडर’ आणि प्रणाली अस्सल आहे का हे तपासण्यासाठीचा ‘व्हीबीमेटा’ हे विभाग ए आणि बी अशा जोडीने असतात. बहुतेक फोनमध्ये बूटलोडर आणि नेटवर्क सांभाळणारा मोडेम यांच्याही दोन प्रती असतात. वापरकर्त्याचे फोटो, संदेश, ॲप यांचा ‘युजर डेटा’ हा विभाग मात्र विहिरीसारखा एकच असतो. म्हणजे दोन स्लॉट असणे हा फोटोंचा बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

ही पद्धत २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ सोबत आली. त्याच वर्षी बाजारात आलेला गुगलचा पहिला पिक्सेल फोन या पद्धतीचा होता. अपडेट करण्याचे काम करणारा ‘अपडेट इंजिन’ हा भाग गुगलच्या क्रोम ओएस या संगणक प्रणालीतून घेतलेला आहे. सगळ्या कंपन्यांनी ही पद्धत लगेच स्वीकारली नाही. सॅमसंगने ती २०२४ मध्ये गॅलेक्सी ए५५ या फोनमध्ये प्रथम दिली आणि २०२५ च्या गॅलेक्सी एस२५ मालिकेत आणली.

अपडेट सुरू असताना आत काय घडते?

समजा, फोन सध्या स्लॉट ए वरून चालू आहे. अशा वेळी हे टप्पे होतात :

१. फोन वापरात असतानाच नवी प्रणाली स्लॉट बी मध्ये लिहिली जाते. स्लॉट ए ला हात लागत नाही. मध्येच बॅटरी संपली तरी फोन पुन्हा ए वरूनच सुरू होतो.

२. लिहून झाल्यावर नवी प्रत बरोबर उतरली आहे का, याची पडताळणी होते. मगच ‘रिस्टार्ट करा’ अशी सूचना येते.

३. रिस्टार्ट करताना बूटलोडर स्लॉट बी निवडतो. प्रत्येक स्लॉटबाबत तीन नोंदी ठेवलेल्या असतात : तो सुरू होण्याजोगा आहे का, पुढच्या वेळी त्याचीच निवड करायची का आणि तो आधी यशस्वीपणे सुरू झाला आहे का.

४. नवी प्रणाली नीट सुरू झाली तर बी ला ‘यशस्वी’ असा शिक्का मिळतो. ठरावीक प्रयत्नांनंतरही ती सुरू झाली नाही, तर बूटलोडर बी चा नाद सोडून पुन्हा ए कडे वळतो. वापरकर्त्याला जुनाच अँड्रॉइड दिसतो, पण फोन चालू राहतो.

म्हणूनच अपडेटनंतर फोन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाला तर घाबरून लगेच दुकान गाठण्याची गरज नसते. तो परतीचा रस्ता शोधत असण्याची शक्यता असते.

दोन प्रती म्हणजे जागाही दुप्पट जाते का?

नाही. गुगलने पिक्सेलच्या बाबतीत दिलेल्या हिशेबानुसार या पद्धतीसाठी जास्तीची जागा लागली ती ३२० एमबी. स्वतंत्र रिकव्हरी आणि कॅश हे विभाग काढून टाकल्याने आणि सिस्टीमचा आकार कमी केल्याने बरीच भरपाई झाली.

पुढे २०१९ मध्ये अँड्रॉइड १० सोबत सिस्टीम, व्हेंडर यांसारखे मोठे विभाग ‘सुपर’ नावाच्या एकाच मोठ्या विभागात ठेवण्याची सोय आली. २०२० मधील अँड्रॉइड ११ पासून ‘व्हर्च्युअल ए/बी’ ही सुधारित पद्धत आली. यात मोठ्या विभागांची दुसरी पूर्ण प्रत कायमची ठेवली जात नाही. अपडेटच्या वेळी फक्त झालेले बदल बाजूला साठवले जातात आणि त्यासाठी गरज पडल्यास युजर डेटामधील रिकामी जागा तात्पुरती वापरली जाते. नवी प्रणाली यशस्वीपणे सुरू झाली की ते बदल मागच्या मागे मूळ विभागात मिसळले जातात.

याचे दोन व्यावहारिक अर्थ आहेत. पहिला, फोनमध्ये काही जीबी जागा रिकामी हवी. सुप्रभातच्या संदेशांनी आणि व्हिडिओंनी मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर अपडेट अडते. दुसरा, बदल मिसळून झाल्यावर मोठ्या विभागांची जुनी प्रत शिल्लक राहत नाही. अशा फोनमध्ये ‘दुसरा स्लॉट आहेच, तो चालू करू’ म्हणून हाताने स्लॉट बदलला, तर तिकडे सुरू होण्याजोगी पूर्ण प्रणालीच नसते. अपडेट फसल्यास मागे आणणारी ही सोय आहे. कायम तयार असलेला दुसरा फोन नव्हे.

मग ‘फ्लॅश’ करताना गडबड कुठे होते?

कंपनीकडून हवेतून येणारे अपडेट वर सांगितलेल्या क्रमाने, फोनच्या देखरेखीखाली होते. फ्लॅश करणे म्हणजे हा सगळा पहारा बाजूला ठेवून डेटा केबलने फोन संगणकाला जोडायचा आणि फाइल थेट विभागांत लिहायच्या. अनेक फोनमध्ये त्यासाठी ‘फास्टबूट’ हे साधन वापरले जाते. सॅमसंगसाठी ‘ओडिन’ आणि मीडियाटेक चिपच्या अनेक फोनसाठी ‘एसपी फ्लॅश टूल’ ही वेगळी साधने आहेत.

फास्टबूटला स्लॉट सांगितला नाही, तर जोडीने असलेल्या विभागांच्या बाबतीत तो सध्या निवडलेल्या स्लॉटमध्येच लिहितो. समजा ए मध्ये नवे बूटलोडर आणि मोडेम गेले, पण बी मध्ये वर्षभरापूर्वीचे राहिले. फोन सुरू होतो, नेटवर्क येते, ग्राहक पैसे देऊन घरी जातो. काही आठवड्यांनी अपडेट येते आणि त्यातील नवी प्रणाली बी मध्ये बसते. त्या पॅकेजमध्ये फर्मवेअरचे सगळे भाग नसतील, तर नवा अँड्रॉइड आणि जुने फर्मवेअर अशी विजोड जोडी तयार होते. वायफाय न लागणे, सिमला नेटवर्क न येणे, फोन सतत रिस्टार्ट होणे येथपासून तो पूर्ण बंद पडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. इतके दिवस चांगला चाललेला फोन अचानक बिघडल्याने दोष अपडेटला दिला जातो. खरे कारण मात्र आधी अर्धवट राहिलेल्या फ्लॅशमध्ये असते.

लिनेजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मुक्त प्रणाली स्वतःहून बसवणाऱ्यांसाठी त्या प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेत याबाबत स्पष्ट इशारा आहे. वापरात नसलेला स्लॉट रिकामा असू शकतो किंवा त्यात खूप जुने फर्मवेअर असू शकते, त्यातून फोन कायमचा बंद पडण्याचा धोका संभवतो, असे ती सांगते. म्हणून अनेक ए/बी फोनसाठी आधी चालू स्लॉटमधील फर्मवेअर दुसऱ्या स्लॉटमध्ये उतरवून घ्या आणि मगच नवी प्रणाली बसवा, असा क्रम त्यात दिलेला आहे. शाओमीच्या अनेक ए/बी फोनच्या फास्टबूट पॅकेजमध्येही बूटलोडर, मोडेम यांसारखे भाग एकाच वेळी ए आणि बी दोन्हींकडे लिहिण्याच्या आज्ञा असतात. त्यातील एक-दोनच फाइल निवडून ‘शॉर्टकट’ मारला, की दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत.

गुगललाही हा इशारा द्यावा लागला होता?

होय. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए या फोनसाठी अँड्रॉइड १३ आले. यातील ६ए त्याच्या आदल्याच महिन्यात भारतात विक्रीला आला होता. या अपडेटसोबत नवे बूटलोडर होते आणि त्यात ‘अँटी-रोलबॅक’ हे संरक्षण वाढवलेले होते. जुन्या बूटलोडरमधील सुरक्षेची त्रुटी कोणी वापरू नये, म्हणून नवे एकदा चालू झाले की चिप जुने बूटलोडर स्वीकारतच नाही. परिणामी अँड्रॉइड १२ कडे परतण्याचा मार्ग बंद झाला.

पेच दुसऱ्या स्लॉटचा होता. अपडेट झाल्यावर चालू स्लॉटमध्ये नवे बूटलोडर असे, पण दुसऱ्यात जुनेच. त्यानंतर चालू स्लॉटमध्ये काही फ्लॅश करताना चूक झाली, तर फोन सवयीप्रमाणे दुसऱ्या स्लॉटकडे वळणार आणि तिथले जुने बूटलोडर चिप नाकारणार. म्हणजे दोन्ही दारे बंद. म्हणूनच अँड्रॉइड १३ एकदा यशस्वीपणे सुरू झाल्यावर नवे बूटलोडर दुसऱ्या स्लॉटमध्येही भरून घ्यावे, असे गुगलने हाताने फ्लॅश करणाऱ्यांना सांगितले.

नेहमीच्या पद्धतीने अपडेट घेणाऱ्यांना हे करण्याची गरज नव्हती. पुढचे अपडेट दुसऱ्या स्लॉटमध्येच बसते आणि तो आपोआप नवा होतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी येणारी छोटी अपडेट घेत राहण्याचा हा दुर्लक्षित फायदा आहे.

दोन्ही स्लॉट एकदमच फ्लॅश केले तर प्रश्न मिटतो?

तसेही नाही. चुकीची फाइल एका स्लॉटमध्ये गेली तर निदान दुसरा शाबूत असतो. तीच चुकीची फाइल दोन्हींकडे गेली तर परतीचा रस्ताच उरत नाही. एकाच नावाच्या फोनचे भारतातील आणि परदेशातील मॉडेल वेगळे असू शकते, चिपही वेगळी असू शकते. त्यामुळे आधी मॉडेल क्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती जुळवणे महत्त्वाचे. कंपनीच्या पूर्ण पॅकेजमध्ये जो क्रम आणि जे स्लॉट दिलेले आहेत, तेच पाळावेत. सुटा भाग फ्लॅश करायचाच असेल, तर तो एका स्लॉटमध्ये भरून फोन सुरू होतो हे पाहावे आणि मग दुसरा स्लॉट सारखा करावा.

व्हर्च्युअल ए/बी फोनमध्ये आणखी एक पथ्य आहे. अपडेटनंतर रिस्टार्ट झाल्यावर बदल मिसळण्याचे काम काही वेळ मागे सुरू असते. तेवढ्यात फ्लॅश करणे, स्लॉट बदलणे किंवा डेटा पुसणे धोक्याचे असते. म्हणूनच या काळात अशा आज्ञा नाकारण्याची व्यवस्था अँड्रॉइडमध्ये केलेली आहे. ती डावलण्याचा अट्टहास करू नये.

फोन दुकानात देण्यापूर्वी काय पाहावे?

अनेक ब्रँडच्या अधिकृत सेवा केंद्रासाठी घनसावंगीहून जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. एक दिवसाची खोटी आणि गाडीभाडे टाळण्यासाठी गावातील किंवा तालुक्याच्या बाजारातील दुकानात फोन देणे स्वाभाविक आहे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांत जाणकारही असतात. फक्त फोन देताना या गोष्टी विचाराव्यात :

– आधी वाट पाहा : लोगोवर अडकलेला फोन चांगल्या चार्जरला लावा. काही वेळा आपोआप रिस्टार्ट झाला तर होऊ द्या. जुन्या स्लॉटवर परतण्याची संधी त्याला मिळू द्या.

– डेटा जाणार का? बूटलोडर अनलॉक केल्यास फोनमधील सगळा डेटा पुसला जातो. पूर्ण फ्लॅश करतानाही तो जाऊ शकतो. ‘डेटा न जाता होईल का’ हे काम सुरू होण्याआधी विचारा.

– गुगल खात्याचा पासवर्ड : डेटा पुसल्यानंतर फोन आधीचेच खाते विचारू शकतो. चोरीपासून संरक्षणासाठीची ही सोय आहे. जीमेल पत्ता आणि पासवर्ड माहीत नसेल तर स्वतःचाच फोन उघडणे अवघड होते.

– फाइल कोणती? कंपनीचे, याच मॉडेलचे पूर्ण पॅकेज वापरणार का आणि फोन ए/बी असेल तर दोन्ही स्लॉट सारखे करणार का, हे विचारा. जाणकार कारागीर लगेच सांगेल.

– बूटलोडर पुन्हा लॉक होणार का? अनलॉक ठेवलेला फोन बँकेची आणि पेमेंटची ॲप असुरक्षित मानून नाकारू शकतात. पण कंपनीची मूळ प्रणाली पूर्णपणे बसलेली नसताना लॉक करणेही घातक ठरते. आधी पूर्ण मूळ फर्मवेअर, मग लॉक, हाच क्रम.

– आयएमईआय जुळवा : फोन परत घेताना *#०६# डायल करा. दिसणारा १५ अंकी क्रमांक खोक्यावरच्या किंवा बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. ही माहिती साधारणपणे दोन स्लॉटच्या बाहेर, स्वतंत्र विभागात असते. एसपी फ्लॅश टूलमधील ‘फॉरमॅट ऑल’ यांसारखा पर्याय वापरल्यास ती पुसली जाऊ शकते. त्या जागी भलताच क्रमांक टाकून घेऊ नका. दूरसंचार कायदा २०२३ नुसार आयएमईआयमध्ये छेडछाड करणे गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

– दोन अपडेट होऊ द्या : फ्लॅश केल्यानंतर कंपनीचे अपडेट आले तर ते दुकानाची हमी संपण्याआधी करून पाहा. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोष राहिला असेल, तर तो फोन त्या बाजूने सुरू होतानाच कळतो.

आपल्या फोनमध्ये ही सोय आहे का, कसे ओळखावे?

पुढचे अपडेट करताना लक्ष ठेवा. डाउनलोडनंतर ‘इन्स्टॉल होत आहे’ असे दिसत असताना फोन वापरता येत असेल, फोनही लावता येत असेल आणि शेवटी केवळ रिस्टार्ट मागितला जात असेल, तर फोन ए/बी पद्धतीचा आहे. याउलट इन्स्टॉल सुरू होताच पडदा काळा होऊन टक्केवारी दिसू लागली आणि तेवढा वेळ फोन वापरता आला नाही, तर तो जुन्या पद्धतीचा आहे. अशा फोनला बॅटरी पुरेशी असतानाच अपडेट लावावे आणि मध्ये बटणे दाबू नयेत.

दोन्ही प्रकारांत एक नियम सारखाच. ई-पीक पाहणीची किंवा ई-केवायसीची मुदत संपायला एक दिवस उरला असताना अपडेट सुरू करू नये. आधी नोंद पूर्ण करावी. पण काम झाल्यावर मात्र ‘नंतर’ म्हणत महिनोन्‌महिने ते पुढे ढकलू नये. सुरक्षेच्या त्रुटी या अपडेटमधूनच बुजवल्या जातात आणि ए/बी फोनमध्ये दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ राहतात त्याही यामुळेच. जोडून ठेवलेली दुसरी मोटर अधूनमधून चालवली, तरच पहिली बंद पडते त्या दिवशी ती पाणी उपसते.